संरक्षण खात्याचं सॉफ्टवेअर: घाई करायची ती नेमकी कुठे?



२८ ऑगस्ट २०२४ चा बुधवार आइंडहोवनकडच्या लोकांना नक्की आठवत असेल. विमानतळ बंद पडला, कित्येकांचं डिजिडी चालेना, आणीबाणीच्या सेवांच्या निरोपयंत्रणेतही अडथळे आले. सगळ्यांच्या डोक्यात पहिला शब्द आला तो 'सायबर हल्ला'. निघालं भलतंच. संरक्षण खात्याचं 'नाफिन' नावाचं स्वतःचं फायबरचं जाळं आहे आणि त्यावर लष्कराशिवाय बाकीची सरकारी कामंही चालतात. त्यातल्या कोडमध्ये एक चूक होती. तिच्यामुळे जाळ्यावरच्या यंत्रांची वेळ एकमेकांशी जुळेना, आणि वेळ जुळेना म्हणून आत प्रवेश मिळेना. आइंडहोवनची हवाई वाहतूक लष्करच सांभाळतं, त्यामुळे सुट्टीहून परतणारे आपले लोक कुठल्या कुठे अडकले. ना रशिया, ना चीन. घरचाच बग.

पुढच्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, द हेगला नाटोची शिखर परिषद झाली. २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के खर्च करायचा असं ठरलं: साडेतीन टक्के थेट संरक्षणावर, दीड टक्का त्याला लागून असलेल्या गोष्टींवर, ज्यात जाळ्यांची सुरक्षासुद्धा आली. तेव्हापासून इथल्या वर्तमानपत्रांत आणि लिंक्डइनवर एकच सूर ऐकू येतो. पैसे आहेत, वेळ नाही, खरेदीची पद्धत जुनाट आहे, निविदा-बिविदा गुंडाळा आणि सॉफ्टवेअर पटापट विकत घ्या.

यातलं निम्मं मला पटतं. पद्धत जुनाट आहे, वादच नाही. पण 'पटापट विकत घ्या' हे जे पुढचं वाक्य आहे तिथे माझं घोडं अडतं. विकत घेण्याचा वेग वाढवून सॉफ्टवेअर लवकर मिळत नाही. खात्याच्या आत ते लिहू, वाचू आणि बदलू शकणारी माणसं असली तरच मिळतं. आणि ही माणसं कुठल्याही निविदेतून येत नाहीत. आज लिहायचं आहे ते एवढ्याचसाठी.

आधी पद्धतीबद्दल. इथली लष्कराची मोठी खरेदी 'डीएमपी' नावाच्या चाकोरीतून जाते. ए-पत्रात मंत्रालय संसदेला सांगतं की आम्हाला अमुक एक गरज आहे. बी-पत्रात पर्यायांचा अभ्यास, सी-पत्रात आणखी अभ्यास, आणि डी-पत्रात अमुक कंपनीकडून अमुक वस्तू घेतो असं. फ्रिगेटसाठी ही पत्रापत्री शहाणपणाचीच आहे. जहाज तीस वर्षं वापरायचं असतं, एकदा पोलाद कापलं की मागे फिरता येत नाही, तेव्हा कापण्याआधी चार वेळा मोजावं हे बरंच. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. ए-पत्र लिहिताना जी गरज होती ती डी-पत्र येईपर्यंत शिळी झालेली असते, आणि करारात मात्र तीच शिळी गरज क्रमांक घालून, पोटकलमं पाडून गोठवलेली असते. मग सुरू होते चेंज रिक्वेस्टची दुकानदारी. आपल्यातले निम्मे लोक याच दुकानाच्या एका नाहीतर दुसऱ्या बाजूला उभे असतात, त्यामुळे जास्त सांगायला नको. मी स्वतः एका सरकारी कामावर होतो (लष्कराचं नव्हे, नाव घेत नाही), तिथे पडद्यावरच्या एका यादीत एक नोंद वाढवायला अकरा आठवडे लागले होते. नोंद टाकायचं काम दहा मिनिटांचं. उरलेला वेळ कोणाच्या बजेटमधून पैसे द्यायचे यावर गेला.

एफ-३५ चंच बघा. नेदरलँड्स त्याच्या विकासात भागीदार झाला २००२ मध्ये. विमान घ्यायचा निर्णय झाला २०१३ मध्ये. शेवटच्या एफ-१६ ना फोल्केलवरून निरोप दिला २०२४ मध्ये. बावीस वर्षं! आणि एवढं होऊनही मूळ अमेरिकेतच काय झालं, तर जुलै २०२३ पासून जवळजवळ वर्षभर तिथल्या सरकारने नवीन विमानं ताब्यातच घेतली नाहीत, कारण विमान तयार आणि सॉफ्टवेअर अपुरं. नंतर घ्यायला लागले तीसुद्धा काटछाट केलेल्या सॉफ्टवेअरनिशी, म्हणजे प्रशिक्षणाला चालतील, लढाईला नाही. पैसा कमी नव्हता, घाईही कमी नव्हती.

आता इथली जुनी दुखणी. २००० च्या दशकात संरक्षण खात्याने 'स्पीअर' नावाचा प्रकल्प काढला. सॅप आणायचं आणि तिन्ही दलांच्या हिशेबाच्या, भांडाराच्या जुन्या प्रणाली त्यात विलीन करायच्या. नाव भाल्याचं, पण हा भाला सुटायलाच दशक गेलं. त्यानंतर आला 'ग्रिट', म्हणजे खात्याची सगळी आयटीची पायाभरणी नव्याने करायची. एकच प्रचंड प्रकल्प, कंपन्यांचा एकच मोठा गट. २०१९ मध्ये 'बीआयटी' या तपासणी कार्यालयाने त्याच्या आखणीवर कडक आक्षेप घेतले, हे फार मोठं आहे, फार गुंतागुंतीचं आहे, असं पेलणार नाही म्हणून. मग तेच काम लहान लहान तुकडे पाडून करायचं ठरलं.

हे बीआयटी कुठून आलं, तेही नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये टॉन एलियास यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने सरकारी आयटी प्रकल्पांवर अहवाल दिला. दरवर्षी १ ते ५ अब्ज युरो वाया जातात असा आकडा त्यातून गाजला. आकडा अंदाजाचाच होता, त्यावर भरपूर भांडणंही झाली, पण सरकारला आपण काय विकत घेतोय तेच कळत नाही हा समितीचा मुद्दा कोणी खोडला नाही. त्यातून २०१५ मध्ये बीआयटी जन्माला आलं आणि पुढे त्याचं कायमस्वरूपी सल्लागार मंडळ झालं.

'निविदा-बिविदा गुंडाळा'वाल्यांची पहिली नजर अशाच तपासण्यांवर असते. युद्ध दाराशी आहे आणि हे लोक प्रश्नावल्या भरायला लावतात, वगैरे. ब्रसेल्समध्येही वारं तेच आहे. जून २०२५ मध्ये युरोपियन आयोगाने संरक्षणविषयक नियम सैल करण्याचा एक गठ्ठाच मांडला, त्यात कारखान्यांसारख्या कामांचे परवाने ६० दिवसांत द्यावेत असंही होतं. परवान्यांचं ठीक आहे, ते व्हायलाच हवं. पण तपासणी काढून टाकली तर ग्रिटसारखा प्रकल्प लवकर पूर्ण होणार नाही, लवकर बुडेल. मुंबई-पुणे घाटात 'अति घाई संकटात नेई' अशा पाट्या असायच्या, आठवतं? इथल्या खरेदी अधिकाऱ्यांच्या टेबलावर एकेक ठेवायला हरकत नाही :-)

मग वेग येतो कुठून? त्यासाठी मला डेन हेल्डरला जावंसं वाटतं. आपण तिथे जातो ते टेक्सेलची बोट पकडायला. पण त्याच गावात डच नौदलाचा मुख्य तळ आहे, आणि तिथे नौदलाचं स्वतःचं सॉफ्टवेअरचं घर आहे. नावं बदलत गेली. बरीच वर्षं ते 'कॅम्स-फोर्स व्हिजन' म्हणून ओळखलं जायचं, पुढे मंत्रालयाच्या आयटी संघटनेत गेलं. तिथले लोक जहाजाचा मेंदू लिहितात. रडार, सोनार, इतर जहाजांकडून येणारी माहिती, सगळं एका चित्रात आणायचं, समोरचा ठिपका प्रवासी विमान आहे की क्षेपणास्त्र आहे ते ठरवायला मदत करायची, आणि कुठलं अस्त्र त्याच्याकडे वळवायचं ते सुचवायचं. या प्रणालीचं नाव 'गार्डिऑन'. 'दे झेवेन प्रोव्हिन्सियन' वर्गाच्या फ्रिगेटवर, गस्ती जहाजांवर, 'कारेल डोरमन' या मोठ्या मदतनौकेवर तीच चालते. रडार बनवतं हेंगेलोचं थेल्स (जुन्या लोकांसाठी, सिग्नाल), पण त्या रडारने पाहिलेल्याचा अर्थ लावणारं सॉफ्टवेअर नौदलाच्या हातात.

बहुतेक देश हे सगळं एकगठ्ठा कंपनीकडून घेतात. डचांसारख्या काटकसरी आणि लहान देशाने ते घरात ठेवलं याचं मला आधी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. जहाजावरच्या अधिकाऱ्याला खटकलेली गोष्ट सांगायला कराराचं कलम शोधावं लागत नाही. कोड लिहिणारा त्याच गावात बसतो, त्याच बंदरात जहाज लागतं, आणि कित्येकदा लिहिणाऱ्यांत स्वतः जहाजावर राहून आलेले लोक असतात. २०२४ मध्ये 'ट्रॉम्प' ही फ्रिगेट लाल समुद्रातून गेली, तेव्हा हूतींचे ड्रोन हा तिथला रोजचा धोका होता. सावकाश उडणारा लहानसा ड्रोन पडद्यावर कसा दिसावा, त्याला पक्षी समजून सोडायचा की नाही, हे नियम कुठल्याही ए-पत्रात दहा वर्षं आधी लिहिता आले नसते. अशा वेळी कोड आपला असणं आणि तो कळणारी माणसं आपली असणं याची किंमत कळते.

डेन हेल्डर म्हणजे स्वर्ग आहे असं मला म्हणायचं नाही. माणसं टिकवणं तिथेही कठीण आहे. वेल्डहोवनला किंवा ॲमस्टरडॅमला मिळणारा पगार सरकारी श्रेणीत बसत नाही, आणि डेन हेल्डर हे गाव म्हणजे देशाचं टोक. थोडक्या माणसांच्या डोक्यात सगळं ज्ञान असणं हाही एक धोकाच. पण वेगाचा प्रश्न त्यांनी मुळाशी सोडवलाय, आणि तोसुद्धा ॲजाइल हा शब्द आपल्या सीव्हीत येण्याच्या कितीतरी आधी.

अमेरिकेला हेच शहाणपण महागात मिळालं. २०१६ मध्ये कतारमधल्या त्यांच्या हवाई मुख्यालयात हवेतल्या हवेत इंधन भरण्याचं वेळापत्रक पांढऱ्या फळ्यावर मार्करने आखलं जात होतं. तिकडे त्याच मुख्यालयांच्या प्रणालीचं मोठं कंत्राट वर्षानुवर्षं रखडलेलं, ते अखेर २०१७ मध्ये रद्द झालं. दरम्यान हवाई दलाच्या काही लोकांनी बाहेरच्या प्रोग्रॅमरांना शेजारी बसवून काही महिन्यांत इंधनाच्या वेळापत्रकाचं छोटं साधन करून दाखवलं. बॉस्टनचं 'केसेल रन' हे युनिट त्यातूनच उभं राहिलं. २०१९ मध्ये त्यांच्या सल्लागार मंडळाने जो अहवाल दिला त्याच्या शीर्षकाचाच अर्थ 'सॉफ्टवेअर कधी पूर्ण होत नसतं' असा आहे. २०२० मध्ये सॉफ्टवेअरसाठी खरेदीची वेगळी वाट केली, आणि मार्च २०२५ च्या आदेशाने तीच नेहमीची वाट ठरवली. वाट चांगली आहे. पण तिच्यावर चालायला सरकारच्या बाजूने कोण उभं आहे, हा प्रश्न तिथेही उरतोच.

युक्रेनची गोष्ट सगळे सांगतात म्हणून मी थोडक्यात आटोपतो. त्यांची 'डेल्टा' ही रणांगणाचं चित्र दाखवणारी प्रणाली २०१४ नंतर स्वयंसेवकांच्या गटातून सुरू झाली. सरकारने तिला रीतसर मान्यता दिली २०२३ मध्ये, म्हणजे वापर आधी, कागद नंतर. ड्रोनच्या बाबतीत तर शत्रूने एक फ्रिक्वेन्सी जॅम केली की दुसरी शोधायची, ती जॅम झाली की तिसरी, आणि मग वैतागून ड्रोनला सरळ फायबरची तारच बांधायची. तिथे बदल आठवड्यांच्या हिशेबाने होतात. इथले नेते कीव्हला जाऊन येतात आणि म्हणतात की आपणही तसंच विकत घेऊ. अहो, त्यांनी ते विकत घेतलेलं नाही! त्यांचे प्रोग्रॅमर सैन्यात आहेत, किंवा सैनिक प्रोग्रॅमर झालेत. पी हळद आणि हो गोरी असं ते होत नाही.

आता आपल्या भारताकडे वळतो, कारण दोन्ही धडे तिथे शेजारी शेजारी मिळतात. भारतीय लष्कराला बरीच वर्षं 'बॅटलफील्ड मॅनेजमेंट सिस्टिम' हवी होती, म्हणजे तुकडीतल्या प्रत्येकाला आपले कुठे आणि शत्रू कुठे ते दिसावं अशी प्रणाली. २०१५ मध्ये दोन गट निवडले गेले, एक टाटा पॉवर आणि लार्सन-टुब्रोचा, दुसरा भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि आपल्या मुंबईच्या रोल्टाचा. त्यानंतर नमुना करण्याआधीच खर्चाच्या चर्चा सुरू झाल्या, आणि दोन-तीन वर्षांत प्रकल्पच बासनात गेला. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण इथे फारच आशावादी ठरली. ज्या काळात शिपायाच्या खिशातल्या स्वतःच्या फोनवर नकाशा आला, त्या काळात लष्कराचा नकाशा मागणीपत्रातच राहिला.

उलट भारतीय नौदलाने डेन हेल्डरसारखंच केलं. दिल्लीत त्यांची 'वेसी' नावाची संस्था आहे. जहाजावर रडार एका देशाचं, तोफ दुसऱ्याची, क्षेपणास्त्र तिसऱ्याचं, हा आपल्या नौदलाचा जुना संसार. यांना एकमेकांशी बोलायला लावणारं काम नौदलाने स्वतःचे अधिकारी बसवून केलं आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सला बरोबर घेतलं. गंमत म्हणजे या संसारात एक डच पाहुणाही आहे: हेंगेलोच्या सिग्नालचं एलडब्ल्यू-०८ हे लांब पल्ल्याचं रडार भारत इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर बनवलं आणि ते वर्षानुवर्षं आपल्या युद्धनौकांवर फिरलं. रडार परवान्यावर घेता येतं. ते बाकीच्यांशी जोडायची अक्कल मात्र घरातच मुरवावी लागते.

भारताने २०१८ मध्ये 'आयडेक्स' काढून छोट्या कंपन्यांना दार उघडलं, २०२० च्या खरेदी नियमावलीत माहिती-तंत्रज्ञानासाठी वेगळं प्रकरण घातलं. चांगलंच आहे. पण पारितोषिक मिळालेल्या स्टार्टअपचा कोड ताब्यात घेऊन पुढची पंधरा वर्षं तो सांभाळणारा मेजर किंवा कमांडर दोन वर्षांत बदली होऊन जात असेल, तर दार उघडून आत कोणी नाही अशी गत.

तेव्हा नेदरलँड्सने काय करावं असं मला वाटतं? निविदेचा कायदा बदलायला निघण्याआधी करारात तीन शब्द घाला: सोर्स कोड आमचा. नुसता कागदावर नाही, पहिल्या महिन्यापासून आमच्या सर्व्हरवर आणि आमच्या माणसाला तो बिल्ड करता आला पाहिजे. ज्या कंपनीला हे मान्य नाही तिला नम्रपणे निरोप. दुसरं म्हणजे स्वीकारण्याचा अधिकार खाली द्या. दर दोन आठवड्यांनी येणारा बदल 'चालतोय, घेतला' असं म्हणायचा हक्क जहाजावरच्या किंवा बटालियनच्या माणसाला हवा, द हेगच्या समितीला नको. समितीने वर्षातून दोनदा बघावं की पैसे कुठे गेले आणि सैनिक खरंच ते वापरतात का. बीआयटीसारखी तपासणी ठेवाच, पण तिला हजार पानी आराखड्याऐवजी चालणारा पडदा बघायला द्या. संसदेला हे पचायला जड जाईल, कारण डी-पत्रात 'काय मिळणार' ते लिहायची सवय आहे आणि इथे फक्त 'कोण करणार आणि किती पैशांत' एवढंच लिहिता येईल. खासदारांचा प्रश्न रास्त असेल: मग आम्ही मंजुरी कशाला द्यायची? त्याला माझं उत्तर असं की सहा महिन्यांच्या पैशांना द्या, सहा वर्षांच्या नको.

आणि शेवटी सगळं येऊन थांबतं ते माणसांवर. संरक्षण खात्यात काम करायचं तर सुरक्षा तपासणी होऊन 'हरकत नाही' असं प्रमाणपत्र लागतं. कंत्राटदार कंपन्यांनाही सुरक्षा नियमावली पाळावी लागते. हे असायलाच हवं, कोणालाही उचलून क्षेपणास्त्राच्या कोडजवळ बसवता येत नाही. गेली काही वर्षं कुठल्या देशात राहिलात हे तपासलं जाणं ओघाने आलं, आणि आपल्यासारख्या बारा गावचं पाणी प्यायलेल्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. पण खात्याचं सगळंच सॉफ्टवेअर गुपित नसतं. सुटे भाग कुठल्या कपाटात आहेत, ट्रकची सर्व्हिसिंग कधी, रजेचं वेळापत्रक काय, इंधनाचा हिशेब कसा, यांत दडवण्यासारखं फार थोडं, आणि जे आहे ते विदेत असतं, कोडमध्ये नसतं. असं काम वेगळं काढून, कमी कडक चाळणीने, या देशात राहणाऱ्या कुशल माणसांना का देऊ नये? आज सगळ्याला एकच चाळणी लावतात, आणि मग ओरडतात की माणसं मिळत नाहीत.

कोणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं. निम्मे भारतीय पासपोर्टवाले, उरलेले ओसीआयवाले. पण ज्यांच्या घरी डच पासपोर्टची मुलं आहेत त्यांच्याकडे सतराव्या वर्षी एक पत्र येतं, सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तुमची नोंद झाली आहे म्हणून. २०२० पासून मुलींनाही येतं. हजर व्हायची सक्ती १९९७ पासून स्थगित आहे, पण कायदा जिवंत आहे आणि तो जागा करावा का याची चर्चा इथल्या राजकारणात पुन्हा ऐकू येते. उद्या त्या पोरांपैकी कोणी कुठल्या पडद्यासमोर बसलं, तर त्या पडद्यावरचा ठिपका बरोबर दिसतोय ना, आणि चुकीचा दिसला तर दुरुस्त व्हायला अकरा आठवडे लागणार नाहीत ना, एवढं तरी आपण विचारू शकतो. व्यवसायच आपला तो आहे.

संरक्षण खात्याचं सायबर कमांड २०१४ पासून आहे आणि तिथे नोकरी सांभाळून काम करणारे राखीव लोकही घेतात. डच नागरिकत्व घेतलेल्या आपल्यातल्या कोणी तिथे अर्ज केला असेल, तर प्रमाणपत्राला किती महिने लागले आणि भारतातल्या वर्षांबद्दल काय काय विचारलं, ते जरूर लिहा. गुपित काही नको, नुसते महिने सांगितले तरी पुष्कळ.